संमतिपत्राचं सातवं पान

२००२ सालच्या ऑक्टोबरमध्ये, कोजागरी होऊन आठवडा झाला असताना, माझ्या थोरल्या बहिणीला एचआयव्हीवरच्या एका औषधाच्या चाचणीतून वगळण्यात आलं. ती त्या चाचणीत पंधरा आठवडे होती. कागदावर कारण एका ओळीत लिहिलेलं होतं: सहभागी व्यक्तीने औषध दुसऱ्या व्यक्तीस दिले. हे खरं होतं. त्या ओळीत माझा उल्लेख नव्हता.

मी तेव्हा कोल्हापुरातल्या एका दैनिकात उपसंपादक होतो. वृत्तसंस्थांकडून येणाऱ्या बातम्या मराठीत करायच्या आणि पानावरच्या जागेत बसवायच्या, हे माझं काम. चाळीस ओळींची बातमी बारा ओळींत आणावी लागे. त्याची पद्धत पहिल्याच आठवड्यात शिकवली जाते. बातमीत महत्त्वाचं वर असतं, कमी महत्त्वाचं खाली. जागा कमी पडली की खालून कापायचं. अकरा वर्षं मी रोज खालून कापत होतो. त्याबद्दल कधी तक्रार आली नव्हती.

बहिणीला मी आक्का म्हणतो. तिचा नवरा इचलकरंजीत मागाच्या कारखान्यात जॉबर होता. बिघडलेले माग दुरुस्त करायचं त्याचं काम. तो १९९९ मध्ये वारला. मृत्यूच्या दाखल्यावर क्षयरोग असं लिहिलेलं आहे. त्यानंतर आक्का तिथल्याच एका कारखान्यात मागासाठी सुताच्या कांड्या भरायला जात होती. २००१ मध्ये तिचा ताप महिनाभर उतरला नाही, वजन उतरत गेलं. तिचं रक्त दोनदा तपासलं. दोन्ही वेळा निकाल तोच आला. मी तिला माझ्या कोल्हापुरातल्या दोन खोल्यांत आणलं. आजाराचं नाव मला आणि माझ्या बायकोला माहीत होतं. गल्लीत आम्ही टीबी सांगितलं.

औषधं निघालेली होती. ती आयुष्यभर रोज घ्यावी लागतात, आणि रोज विकत घेणं आम्हाला शक्य नव्हतं. चाचणीत औषध फुकट मिळतं, हे मी बातम्यांतूनच वाचलं होतं. तेव्हापासून मी ऑफिसात गेल्यावर खुर्चीवर बसण्याआधी आलेल्या सगळ्या बातम्यांच्या मथळ्यांमध्ये ‘चाचणी’ हा एक शब्द शोधत असे. दुपारी, ऑफिस रिकामं असताना, दवाखान्यांना फोन करत असे. पेपरचं नाव सांगितलं की फोन वरपर्यंत जोडून मिळायचा. चाचणी आहे का, एवढं विचारायचो. बहुतेक ठिकाणी ‘बातमीसाठी हवंय का?’ असं विचारत. मी हो म्हणायचो. ठेवलेला फोन दोन मिनिटांनी पुन्हा उचलायचा आणि पुढचा नंबर फिरवायचा, असं आठ महिने चाललं. शेजारच्या टेबलावरचे सहकारी म्हणाले, ‘बस की जरा. चहा तरी गार करू नगोस.’

२००२ च्या जूनमध्ये नऊ ओळींची बातमी आली. दिवसातून एकदाच घ्यायची नवी गोळी, जुन्या दोनदा घ्यायच्या गोळीशी तुलना, स्वयंसेवक हवेत, आणि एका केंद्राचं नाव. ते केंद्र कोल्हापूरहून एसटीनं पाच तासांवर होतं. त्याचं नाव इथं देत नाही. ती बातमी मी त्या दिवशी पानात लावली नाही. दुसऱ्या दिवशीही लावली नाही. चाचणीतल्या जागा भरतील अशी भीती होती. तिसऱ्या दिवशी ती दुसऱ्या एका दैनिकात छापून आली. तोपर्यंत आमचा फोन झाला होता आणि तपासणीची तारीख मिळाली होती.

तपासणीच्या दिवशी सकाळच्या गाडीत आमच्या पुढच्या बाकावर एक बाई एकटीच बसली होती. पस्तिशीची असेल. कऱ्हाडला गाडी चहाला थांबली तेव्हा ती खाली उतरली नाही. केंद्राच्या दारात ती आमच्या मागं उभी दिसली. आक्कानं तिला विचारलं, ‘कुठलं गाव?’

‘गारगोटीकडचं.’

‘कोल्हापूर स्टँडवर चढलीस न्हवं? मग तवाच बोलायचं. पाच तास मी ह्याचं त्वांड बघत आली.’

बाई हसली. तिनं दुसऱ्या दैनिकातल्या बातमीचं कात्रण पदराला बांधून आणलं होतं. नवरा गेल्यावर ती भावांच्या घरी राहत होती. घर शेतकऱ्याचं, दारात दोन म्हशी. भावांना टीबी माहीत होता, दुसरं काही माहीत नव्हतं.

दोघींचं रक्त घेतलं. दोन आठवड्यांनी पुन्हा बोलावलं.

मधल्या दोन आठवड्यांत केंद्रानं दिलेलं संमतिपत्र माझ्याकडे होतं. नऊ पानं, मराठीत. तिथल्या डॉक्टरबाईंनी पहिल्या दिवशी आक्काला तोंडी सगळं सांगितलं होतं आणि मला म्हणाल्या होत्या, ‘हे घरी न्या. ओळ न ओळ वाचून दाखवा. शंका असतील त्या लिहून आणा. त्यानंतरच सही.’ मी ते तीनदा वाचलं. वाक्यं लांब होती. एकच गोष्ट दोन-दोनदा लिहिलेली होती. दुसऱ्या वेळच्या गाडीत, कागल गेल्यावर—

नाही, कागल त्या रस्त्याला लागत नाही. पेठनाका गेल्यावर, आक्का म्हणाली, ‘ते वाचून दावतो म्हनला हुतास.’ मी कागद काढले नाहीत. गाडीत लोक होते. मी हलक्या आवाजात सांगितलं. नवं औषध आणि जुनं औषध यांची तुलना आहे. दोन बाटल्या मिळतील. पांढऱ्या बाटलीतली गोळी सकाळ-संध्याकाळ, पिवळ्या बाटलीतली रात्री एक. दर चार आठवड्यांनी मंगळवारी जायचं, रिकाम्या बाटल्या आणि उरलेल्या गोळ्या परत न्यायच्या. त्रास झाला तर कळवायचं. कधीही सोडता येतं. नाव गुप्त राहील.

‘एवढंच?’

‘एवढंच.’

सातव्या पानाच्या खालच्या भागात एक परिच्छेद होता. दोन बाटल्यांपैकी एकाच बाटलीत औषध असेल. दुसऱ्या बाटलीतल्या गोळ्या दिसायला तशाच, पण औषध नसलेल्या असतील. कोणाला कोणती बाटली खरी मिळाली हे सहभागी व्यक्तीला आणि डॉक्टरांनाही माहीत नसेल, ते बंद पाकिटात राहील. दोन्ही बाटल्या नियमानं घेतल्या की प्रत्येकाला औषध मिळणारच होतं, म्हणून तो भाग मला तांत्रिक वाटला. तो खाली होता. मी तो कापला.

केंद्रात डॉक्टरबाईंनी मला विचारलं, ‘सगळं वाचून दाखवलंत?’

मी हो म्हणालो.

आक्काला विचारलं, ‘समजलं सगळं?’

‘समजलं की. ह्यो पेपरात हाय.’

तिनं सही केली. साक्षीदार म्हणून त्याखाली मी केली.

गारगोटीकडच्या बाईला त्याच दिवशी नकार मिळाला. तिच्या टीबीच्या गोळ्या चालू होत्या आणि त्या चालू असताना चाचणीत घेता येत नव्हतं. परतीच्या गाडीत दोघी एका बाकावर बसल्या, मी मागं. आक्काच्या मांडीवर पिशवी होती, पिशवीत दोन बाटल्या.

‘तुझं नशीब चांगलं,’ ती बाई म्हणाली. ‘मला म्हनल्या, ताई, पुढं कायतरी निघंल. पुढं म्हंजी कवा? मी ऱ्हाईल्यावर का गेल्यावर?’

‘गप गं.’

‘गप तर गप. शेंगा खा.’

दोघींनी कोल्हापूरपर्यंत शेंगा खाल्ल्या. पिशवी आक्काच्या मांडीवरून हलली नाही.

गोळ्या घेण्यात आक्काची एकदाही चूक झाली नाही, असं मला त्या चार महिन्यांत वाटत होतं. केंद्रानं एक तक्ता दिला होता. गोळी घेतली की त्या दिवसाच्या चौकोनात खूण करायची. ती सकाळी भाकरी झाल्यावर पांढरी गोळी घ्यायची, खूण करायची. संध्याकाळी मी ऑफिसात असायचो. तक्त्यावर तीन-तीन खुणा असायच्या. दर चौथ्या मंगळवारी केंद्रात गोळ्या मोजत. प्रत्येक बाटलीत काही गोळ्या जास्तीच्या असत, पिवळीत तीन. महिनाअखेर पिवळ्या बाटलीत बरोबर तीनच उरलेल्या असायच्या. डॉक्टरबाई म्हणाल्या, ‘तुमच्यासारखं कुणी नाही.’ आक्का खाली बघायची. मला ते लाजणं वाटलं.

आमचं घर बौद्ध आहे. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली. तेव्हापासून घरातलं कुणी देवळात गेलेलं नव्हतं. पौर्णिमेला आक्का पांढरी साडी नेसून विहारात जायची. त्या वर्षी आषाढापासून ती दर पौर्णिमेला नृसिंहवाडीला जाऊ लागली. वाडी म्हणजे दत्ताचं ठिकाण, पौर्णिमेला तिथं रीघ लागते. सकाळी जायची, दुपारी कवठाची बर्फी घेऊन यायची. मी विचारलं, ‘तू कधीपासून दत्ताची झालीस?’

‘देवाला न्हाय जात. नदी बघाय जाते. ती गारगोटीची येती. तिला घरातनं दुसरीकडं कुठं सोडत न्हाईत, वाडीला सोडत्यात.’

यातला प्रत्येक शब्द खरा होता. आजारपणात माणूस कुठंही हात जोडतं, असं मी बायकोला म्हणालो आणि विषय सोडला.

बायकोनं मात्र एक गोष्ट बोलून दाखवली. भाद्रपदात एकदा ती म्हणाली, ‘आक्का, वाडीची बर्फी आमच्या अंगाला लागाय लागली. तुमच्या का लागंना?’ आक्काचं वजन वाढलं नव्हतं. तोंडात पांढरे चट्टे आले होते. मी केंद्रात फोन केला. नव्या औषधाला वेळ लागू शकतो, पुढच्या वेळी रक्त तपासू, असं सांगण्यात आलं. मी रोज घरी आल्यावर तिच्या मनगटाकडे बघायचो. बांगड्या कोपरापर्यंत वर सरकत होत्या. आठवड्यातून दोनदा तिला किराणा दुकानातल्या काट्यावर उभं करायचो. दुकानदार म्हणाला, ‘पावणं, ज्वारीगत रोज रोज काय तोलताय?’ त्यानंतर दुकान बदललं.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला बारा आठवड्यांच्या भेटीत रक्त घेतलं. कोजागरीनंतर तिसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरबाईंचा फोन ऑफिसात आला. संपर्कासाठी मी ऑफिसचा नंबर दिला होता. त्या म्हणाल्या, ‘मंगळवारची वाट बघू नका. उद्याच या. दोन्ही बाटल्या आणा, आत जेवढ्या गोळ्या असतील तेवढ्यासकट.’

‘काय आहे?’

‘या. मग बोलू.’

मी त्या दिवशी दोन बातम्या चुकीच्या पानावर लावल्या. एक छापून गेली.

आक्कानं बाटल्या पिशवीत घातल्या. दोन्ही बाटल्या वाजवून बघितल्या. आता वाटतं, तिला एवढंच ठाऊक होतं की पिवळीत तीन उरलेल्या दाखवायच्या असतात. ती महिनाअखेरची मोजणी होती आणि हा महिना अजून संपला नव्हता, हे तिच्या लक्षात आलं नाही. गाडीत ती खिडकीला डोकं टेकून बसली. कऱ्हाडला मी चार वेळा खाली उतरून चार वेळा वर चढलो. कंडक्टर म्हणाला, ‘एकदा काय ते ठरवा, सायेब.’

डॉक्टरबाईंनी आधी निकाल सांगितला. बारा आठवड्यांत रक्तातला विषाणू कमी व्हायला हवा होता. तो जिथं होता तिथंच होता. मग त्यांनी पांढरी बाटली ट्रेमध्ये ओतली आणि सुरीच्या पात्यानं दोन-दोन गोळ्या बाजूला सारत मोजल्या. आकडा बरोबर होता. पिवळी बाटली ओतली. तीन गोळ्या निघाल्या.

‘आज आठ हव्यात,’ त्या म्हणाल्या. ‘पाच कुठं आहेत?’

‘घरी आहेत,’ मी म्हणालो. ‘प्रवासात सांडतील म्हणून डबीत काढून ठेवल्यात.’

हे मी विचार न करता बोललो. घरी डबी नव्हती. पाच गोळ्या कुठं आहेत हे मलाही माहीत नव्हतं.

आक्का म्हणाली, ‘डबी न्हाई नि काय न्हाई. दिल्या.’

‘कुणाला?’

‘गारगोटीवालीला. तुमी परत पाठवलासा न्हवं का तिला?’

‘कधीपासून?’

‘पयल्यापासनं. दर पुनवंला वाडीला येती, तवा देती. पिवळी सगळी तिची. तीन तेवढ्या मोजायला ठेवती. माझ्याकडं पांढरी हायच की. दोन बाटल्या दिलासा, दोघी हाय आमी. एकटीनं दोन्ही खाऊन कसं चालंल?’

 डॉक्टरबाईंनी खुर्ची पुढं ओढली. ‘आक्का, दोन बाटल्या म्हणजे दोन औषधं नाहीत. औषध एकाच बाटलीत आहे. दुसरीतल्या गोळ्या नुसत्या दिसायला गोळ्या. मी सांगितलं होतं. कागदातही होतं.’

‘तुमी बोललासा, मी मान हलवली. तुमचं बोलनं लई शुद्ध.’ मग ती माझ्याकडे वळली. ‘कागदात हुतं?’

‘होतं.’

‘कुठं?’

‘सातव्या पानावर.’

‘आनि तू?’

‘मी थोडक्यात सांगितलं.’

डॉक्टरबाईंनी फाईल उघडून शेवटचं पान काढलं, त्यावरच्या दोन सह्या बघितल्या आणि फाईल मिटली. आक्का ट्रेमधल्या गोळ्यांकडे बघत होती. ‘म्हंजी पिवळीत नुसतंच पीठ असंल तर ती बिचारी चार म्हैनं फुकटच खाती हाय,’ ती म्हणाली. ‘भावांची नजर चुकवून खाती. म्हशीच्या गोठ्यात जाऊन.’

‘आणि पांढरीत पीठ असेल तर?’ डॉक्टरबाईंनी विचारलं.

 निकाल आक्कानं ऐकलेला होता.

घडलं ते डॉक्टरबाईंना वर कळवावं लागलं. आक्काला ठेवून घेता येईल का, असंही त्यांनी सोबत विचारलं. ते पत्र त्यांनी मला दाखवलं होतं, त्यात माझ्या चुकीचा उल्लेख होता. उत्तर चार दिवसांत आलं. औषध दुसऱ्याला दिलं तर सहभाग संपतो, हा नियम संमतिपत्राच्या आठव्या पानावर होता. तोही मी सांगितला नव्हता. पुढच्या उपचारासाठी गरज आहे म्हणून पाकीट उघडण्याची परवानगी मिळाली. पिवळ्या बाटलीत नवं औषध होतं. पांढऱ्या बाटलीत औषध नव्हतं.

मी ते फोनवर ऐकलं आणि समोरच्या कागदावर लिहून घेतलं. घरी जाऊन आक्काला तो कागद पूर्ण वाचून दाखवला. त्यावर दोन ओळी होत्या.

तिनं विचारलं, ‘म्हंजी तिला लागू पडलं?’

‘पडलं असणार.’

‘तरीच ती गुबगुबीत झाली,’ आक्का म्हणाली आणि उठून चूल पेटवायला गेली. काड्यापेटीतल्या तीन काड्या तिनं मोडल्या.

गारगोटीकडच्या बाईकडे राहिलेल्या गोळ्या मोजून परत आणायच्या होत्या. तिनंही केंद्रात येऊन तपासून घ्यावं, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं. आम्ही बाजारच्या दिवशी गारगोटीला गेलो. आक्कानं स्टँडवरच्या टपरीवाल्याकरवी निरोप धाडला. ती तासाभरानं आली, डोक्यावर वांग्यांची पाटी घेऊन. जूनमध्ये एसटीत पाहिलेली बाई ती हीच, असं वाटत नव्हतं. गाल भरले होते.

‘पुनव न्हाई काय न्हाई, आज कसं काय?’ ती आक्काला म्हणाली. ‘आनि पावण्यास्नी बी आनलंस? मला वाटलं, माझ्या पुनवंच्या उपासाचं सांगितलंस का काय ह्यास्नी.’ पौर्णिमा एकोणतीस-तीस दिवसांनी येते आणि गोळ्या अठ्ठावीस असायच्या. राहिलेल्या एक-दोन दिवसांना ती गोळीचा उपास म्हणायची.

‘उपास आता रोजचाच,’ आक्का म्हणाली. ‘पिवळी खरी निघाली.’

‘खरी म्हंजी?’

‘म्हंजी तुझ्यात औषध हुतं. माझ्या पांढरीत काय न्हवतं.’

बाईनं पाटी खाली ठेवली. ‘चार म्हैनं?’

‘चार म्हैनं. जेवल्यावर दोन येळा. एकबी चुकवली न्हाई.’

‘आगं, मी तुझं औषध खाल्लं.’

‘दिलेलं खाल्लंस. चोरून घेतलं न्हाईस.’

बाईनं कमरेचा बटवा सोडला. कागदाची पुडी काढली. कागद आमच्याच दैनिकाचा होता, आतल्या पानाचा. आक्का पुड्या घरातल्या रद्दीत बांधत असे. बाईनं एक गोळी काढून आक्कापुढं धरली. ‘घे. आत्ताच्या आत्ता घे, माझ्यादेखत.’

‘मोजून परत द्यायच्यात.’

‘कोन मोजनार? ह्यो?’ तिनं माझ्याकडे मान वळवली. ‘पावणं, तुमी जरा तिकडं बगा. गाड्यांचं वेळापत्रक लावलंय बगा तिकडं.’

मी वेळापत्रकाकडे बघितलं. कोल्हापूरची पुढची गाडी पंचवीस मिनिटांनी होती.

कोजागरीला आक्कानं तिला अठ्ठावीस गोळ्या दिल्या होत्या आणि दहा दिवस झाले होते. अठरा उरायला हव्या होत्या. मी पुडी मोजली. सतरा होत्या. केंद्राला द्यायच्या पावतीवर मी सतरा लिहिलं.

तपासणीला येण्याबद्दल तिनं नकार दिला. ‘टीबीच्या गोळ्या सपल्या आता. बरी झालीस, आता दवाखाना कशाला, असं भाऊ म्हनत्यात. काय सांगू त्यास्नी?’ तिनं आक्काला पाटीतली सगळी वांगी दिली. आक्का नको म्हणाली नाही.

चाचणीतून बाहेर पडल्यानंतरची अडीच वर्षं अशी गेली. केंद्रानं कोल्हापूरच्या डॉक्टरांना सविस्तर पत्र दिलं. काही महिने आम्ही औषध विकत घेतलं, काही महिने घेता आलं नाही. असं मधे-मधे थांबणं वाईट, हे डॉक्टर प्रत्येक वेळी सांगत होते. मी पुन्हा दुपारी फोन करू लागलो. आणखी दोन ठिकाणी चाचण्या निघाल्या. दोन्हीकडे पहिला प्रश्न होता, आधी कुठल्या चाचणीत होता का? आक्का हो म्हणायची आणि पुढचं सगळं, विचारलं नाही तरी, सांगायची. दोन्हीकडे नकार आला. दुसऱ्या नकारानंतर मी तिला म्हणालो की विचारतील तेवढंच सांगत जा.

‘म्हंजी थोडक्यात?’ ती म्हणाली.

मी पुन्हा तो विषय काढला नाही.

२००४ मध्ये तिला डाव्या डोळ्यानं अंधुक दिसू लागलं. विषाणूमुळं प्रतिकारशक्ती खूप खाली गेली की डोळ्याच्या पडद्याला असा संसर्ग होतो. निदान व्हायला पाच आठवडे लागले. डाव्या डोळ्याची दृष्टी परत आली नाही. पौर्णिमेला ती वाडीला जात राहिली, आता हातात काही न घेता. नदीच्या पायऱ्या उतरताना गारगोटीची बाई तिच्या डाव्या बाजूला राहते, असं तिनं एकदा सांगितलं. त्याच वर्षीच्या पावसाळ्यानंतर ती बाई लागोपाठ तीन पौर्णिमांना आली नाही. निरोप धाडला, त्याला उत्तर आलं नाही. मी गारगोटीच्या स्टँडवर जाऊन त्या टपरीवाल्याला विचारलं. तो म्हणाला, पुन्हा खोकला लागलाय, घरात पडून असते.

सरकारी मोफत औषधं आमच्या भागात पोचली तेव्हा २००५ साल चालू होतं. ती बातमी वृत्तसंस्थेकडून नाही, आमच्याच बातमीदाराकडून आली. पंधरा ओळींची होती. मी ती त्याच दिवशी, पूर्ण, पहिल्या पानावर लावली. पेपर पहाटेच्या गाडीनं गारगोटीला जातो. आक्कानं त्या सकाळी मला टपरीवाल्याला फोन करायला लावला आणि फोन माझ्या हातातून घेतला. ‘आजचा पेपर तिच्या घरात पोचव,’ ती म्हणाली. ‘भाऊ बघूदेत न्हाईतर न बघूदेत. माझं नाव सांग.’

बातमीत दिलेल्या दिवशी आम्ही सरकारी दवाखान्यात आठ वाजता पोचलो. गारगोटीची बाई साडेदहाला आली. सोबत थोरला भाऊ होता. तिला चालताना धाप लागत होती.  भावानं आक्काकडे बघितलं आणि बाकावर मिळालेली आपली जागा तिला दिली.

फॉर्ममध्ये एक रकाना होता: औषध वेळेवर घेतले जाते का हे पाहणारी व्यक्ती. आक्काच्या फॉर्मवर मी माझं नाव लिहायला घेतलं. तिनं पेन धरलं आणि बाईचं नाव सांगितलं. बाईनं आपल्या फॉर्मवर आक्काचं सांगितलं. दोघी वेगवेगळ्या तालुक्यांत राहतात, हे कसं जमणार, असं समुपदेशकानं विचारलं.

‘पुनवंला भेटतो,’ आक्का म्हणाली. ‘मोजून घेईन मी तिच्या, ती माझ्या.’

त्यानं दोन्ही नावं ठेवली, खाली कंसात माझं आणि भावाचं लिहिलं.

माहितीपत्रक चार पानांचं होतं. समुपदेशकानं ते माझ्याकडे दिलं आणि म्हणाला, वाचून दाखवा. बाकावर उजवीकडे आक्का, डावीकडे ती बाई, तिच्या पलीकडे भाऊ उभा. मी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. छापखान्याचं नाव खाली होतं, तेही वाचलं. एकवीस मिनिटं लागली.

औषधांच्या खिडकीवर आक्कानं आतल्या माणसाला विचारलं, ‘ह्यात औषधच हाय न्हवं? समद्या गोळ्यांत?’

‘सगळ्यांत औषधच आहे, मावशी.’

आक्काला त्या दिवशी बाटली मिळाली. गारगोटीच्या बाईची थुंकी तपासायला घेतली. टीबी पुन्हा निघाला, म्हणून आधी टीबीचा उपचार सुरू झाला. तिची बाटली तिला दोन महिन्यांनी, पौर्णिमेच्या चार दिवस आधी, त्याच खिडकीवर मिळाली. बाटलीत साठ गोळ्या होत्या, रोज दोन घ्यायच्या. त्या पौर्णिमेला आक्का वाडीहून आली तेव्हा तिनं माझ्याकडून कागद मागून घेतला आणि त्यावर मला त्या बाईच्या उरलेल्या गोळ्यांचा आकडा लिहायला सांगितला. बावन्न.